शिलाई कापडाहून महाग का होते?



मध्यमवर्गीय घरांतून हमखास ऐकू येणारी एक तक्रार आहे. दुकानातून सदऱ्याचे कापड आणावे, ते शिंप्याकडे टाकावे, आणि शिलाईचा आकडा ऐकून थक्क व्हावे. पुष्कळदा तो कापडाच्या किमतीलाही मागे टाकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण अशा वेळी हटकून आठवते. मिक्सर बिघडला की दुरुस्ती करणारा सांगतो, "काका, एवढ्या खर्चात नवाच येईल." रंगीत दूरचित्रवाणी संच घेण्यासाठी एके काळी कुटुंबाला महिनोन् महिने पैसे साठवावे लागत, आज त्याहून मोठा आणि चांगला संच पगाराच्या लहानशा हिश्श्यात मिळतो. उलट मुलांच्या शाळेचे शुल्क, रुग्णालयाचे देयक, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची देखभाल करणाऱ्या बाईंचा पगार, गायनाच्या शिकवणीचे पैसे, हे सारे मात्र वर्षागणिक चढतच जाते.

असे का होते, याची उत्तरे बहुधा रागाच्या भरात दिली जातात. शिंपी माजले, शिक्षकांना काम नको, डॉक्टरांनी धंदा मांडला, सरकारला लक्ष द्यायला वेळ नाही. या प्रत्येक उत्तरात कुठे ना कुठे सत्याचा अंश असेलही. पण या सर्वांच्या मुळाशी असे एक कारण आहे की ज्यात कोणाचाच दोष नाही. उलट, समाजाची प्रगती होत असते म्हणूनच ते कारण निर्माण होते. ते नीट समजून घेतले नाही, तर राग भलत्याच माणसावर निघतो आणि धोरणेही भलत्याच दिशेने जातात.

चार वादकांचा हिशेब

या कारणाचा शोध लागला तो कारखान्यात नव्हे, रंगभूमीच्या हिशेबवह्यांत. १९६०च्या दशकात अमेरिकेतील नाट्यसंस्था, वाद्यवृंद, संगीतिका आणि नृत्यसंस्था सतत तोट्यात होत्या. देश तर भरभराटीत होता. मग कलासंस्थांचीच ओढगस्त का, याचा अभ्यास ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड या संस्थेच्या साहाय्याने विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या प्रिन्स्टन विद्यापीठातील दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. १९६६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्थांचा कारभार गलथान आहे, एवढेच सांगून त्यांना थांबता आले असते. पण चोख कारभार असलेल्या संस्थांचा खर्चही सर्वसाधारण महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढत असल्याचे त्यांना दिसले.

त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. दोनशे वर्षांपूर्वी रचलेली चार तंतुवाद्यांची एखादी अर्ध्या तासाची रचना वाजवायला तेव्हाही चार वादक आणि अर्धा तास लागत असे, आजही तेवढेच लागते. तीन वादकांत ती वाजवता येत नाही आणि पंधरा मिनिटांत उरकताही येत नाही. या दोनशे वर्षांत कापड, घड्याळ, खिळे, कागद यांच्या उत्पादनात एका माणसाचे एका तासाचे काम कित्येक पटींनी वाढले. त्या जोरावर कामगारांचे वेतनही वाढले. मग वादकाने दोनशे वर्षांपूर्वीच्या वेतनावर का राहावे? त्याचेही वेतन वाढवावेच लागते. परंतु त्याच्या हातून निघणारे काम तेवढेच असल्याने वेतनातील सगळी वाढ तिकिटाच्या दरावर येऊन पडते. अर्थशास्त्रात याला बॉमोल यांचा 'खर्चाचा आजार' असे नाव पडले.

एका गावातील विणकर आणि गवई

हा विचार एका काल्पनिक गावावर घासून पाहावा. गावात एक विणकर आहे आणि गाणे शिकवणारे एक बुवा आहेत. विणकर दिवसाला १० मीटर कापड विणतो आणि १०० रुपये मिळवतो. कच्चा माल बाजूला ठेवला तर मीटरला १० रुपये पडले. बुवा दिवसाला पाच शिष्यांना स्वतंत्रपणे शिकवतात आणि त्यांनाही १०० रुपये मिळतात. म्हणजे एका शिकवणीचे २० रुपये. एक शिकवणी म्हणजे दोन मीटर कापड, असा गावाचा भाव झाला.

पुढे यंत्रमाग आला. विणकराचा मुलगा दिवसाला ४० मीटर कापड काढू लागला आणि त्याची मजुरी ३०० रुपये झाली. मीटरमागे मजुरी पडली साडेसात रुपये. म्हणजे मजुरी तिप्पट होऊनही कापड स्वस्त झाले. इकडे बुवांच्या मुलाचे काय? षड्ज लावायला आणि तो शिष्याच्या गळ्यात उतरवायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. दिवसाला शिष्य पाचच. त्याची मिळकत १०० रुपयेच राहिली, तर तो तंबोरा गवसणीत घालून यंत्रमागावर जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. गावाला गाणे हवे असेल तर बुवांनाही ३०० रुपयांच्या आसपास द्यावे लागतील. म्हणजे शिकवणी ६० रुपये झाली. आता एका शिकवणीत आठ मीटर कापड येते. दोनाचे आठ झाले. बुवांनी लोभ केला नाही, आळस केला नाही, कोणाला फसवले नाही. तरीही गावात बोभाटा झाला की बुवा फार महाग झाले.

या हिशेबाची दुसरी बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि खरे मर्म तिच्यातच आहे. पूर्वी विणकराला शिकवणीसाठी १०० रुपयांतले २० रुपये द्यावे लागत. दिवसाच्या कमाईचा पाचवा हिस्सा. आज ३०० रुपयांतले ६० द्यावे लागतात, हिस्सा पाचवाच. शिवाय उरलेल्या पैशांत कापड कितीतरी अधिक येते. म्हणजे गाणे कष्टाच्या मापाने महागलेच नाही. कापड स्वस्त झाले, म्हणून त्याच्या शेजारी गाणे महाग दिसू लागले. गाव गरीब झालेले नाही, श्रीमंत झालेले आहे. आणि तरीही 'आता गाणे परवडत नाही' असे तेच गाव म्हणत आहे.

मुंबईचा न्हावी, न्यूयॉर्कचा न्हावी

हा नियम जसा काळाच्या ओघात दिसतो, तसाच देशादेशांतही दिसतो. न्यूयॉर्कमध्ये केस कापायला जे पैसे पडतात, त्यात मुंबईत साऱ्या कुटुंबाचे केस कापून होतात. न्यूयॉर्कच्या कारागिराची कात्री काही दहापट वेगाने चालत नाही. पण त्याच्या अवतीभवतीच्या उद्योगांत एका माणसाचे उत्पादन प्रचंड आहे, म्हणून तेथील वेतनाची पातळी उंच आहे, आणि कात्रीलाही त्या पातळीवर चढावे लागते. उत्पादकतेतील या तफावतीचे विवेचन बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ साली स्वतंत्रपणे केले. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ साली त्यात आणखी एक दुवा जोडला. गरीब देशात भांडवल थोडे आणि माणसे पुष्कळ असतात, त्यामुळे श्रमाचे मोल उतरते, आणि ज्या कामात मुख्यतः श्रमच लागतात ते काम तेथे स्वस्त मिळते, असे त्यांनी दाखवून दिले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे पुस्तकात वाचावे लागत नाही. घरापुढचे गवत स्वतः कापणे, भिंतींना स्वतः रंग देणे, आणि भारतभेटीत दातांची कामे उरकून घेणे, हा तेथील अनेकांचा परिपाठ आहे. पुण्या-मुंबईत धुणेभांडी, स्वयंपाक आणि गाडी चालवणे यांसाठी माणसे सहज मिळत, याचा आपण सोय म्हणून उल्लेख करतो. पण त्या सोयीचा अर्थ एवढाच होता की, त्या माणसांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. आज त्यांच्या मुली शिकत आहेत, दुकानांत, कार्यालयांत, रुग्णालयांत कामाला लागत आहेत. 'हल्ली बाई मिळत नाही' या तक्रारीचे दुसरे नाव प्रगती असे आहे.

रंगभूमीने भोगलेले

महाराष्ट्राला या नियमाची ओळख बॉमोल यांच्या ग्रंथापूर्वीच झाली होती. फक्त तेव्हा त्याला नाव नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, पाठोपाठ १८८२ साली 'सौभद्र' आले. पुढे अर्धशतक संगीत नाटक मंडळ्यांनी महाराष्ट्र गाजवला. नट, गायक, साथीदार, आचारी, पडदेवाले असा मोठा संसार बैलगाड्या आणि आगगाड्यांतून गावोगाव फिरे. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट मुंबईत झळकला आणि १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. नटाने एकदा कॅमेऱ्यापुढे गायिलेले पद आता एकाच रात्री अनेक गावांत ऐकू जाऊ लागले. त्याच्या एका दिवसाच्या श्रमाचा खर्च लाखो प्रेक्षकांत वाटला गेला. नाटकातल्या सुभद्रेला मात्र प्रत्येक प्रयोगाला नव्याने उभे राहावे लागे, नव्याने गावे लागे, आणि प्रेक्षक मांडवात मावतील तेवढेच.

बालगंधर्वांसारख्या रसिकांच्या दैवतालाही या हिशेबातून सुटका मिळाली नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या कर्जबाजारीपणात अन्य कारणेही होतीच. पण बोलपटाच्या स्पर्धेने मंडळ्यांचे कंबरडे मोडले हे सर्वमान्य आहे. १९३५ साली स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले.

नाटक मेले नाही, हे मराठी माणसाचे श्रेय. परंतु ते जगले कसे, तेही पाहावे. रात्र रात्र चालणारे प्रयोग तीन तासांवर आले. पाच अंकांचे तीन, तिनांचे दोन झाले. पात्रांची संख्या घटली, आणि दोन-तीन पात्रांची नाटके लिहिली जाऊ लागली. यातून कसदार नाटकेही निर्माण झाली, यात शंका नाही. पण काटकसरीची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रमाचा वेग वाढवता येत नाही तेव्हा वस्तूच लहान केली जाते, आणि ती पूर्वीइतकीच आहे असे भासवले जाते. रंगभूमीवर हे एक वेळ चालते. वर्गात आणि रुग्णाच्या खाटेपाशी हेच घडते तेव्हा त्याची किंमत फार मोठी असते.

सारा दोष या आजाराचाच का?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक वाढीव देयकाला बॉमोल यांचे नाव पुढे करून चालणार नाही. अमेरिकेचा आरोग्यावरील खर्च १९६० साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के होता. अलीकडच्या वर्षांत तो १७ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. ही सगळीच वाढ परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या वेळेमुळे झालेली नाही. विमा कंपन्यांचा कागदी कारभार, औषधांवरील एकाधिकार, वाढते आयुर्मान आणि नवनवे उपचार यांचाही त्यात वाटा आहे. आपल्याकडेही शिक्षणाच्या वाढत्या खर्चात देणग्या, जागांचे भाव आणि उघड नफेखोरी मिसळलेली असते.

खरा आजार आणि लबाडी यांत फरक करण्याची एक सोपी कसोटी आहे. हा आजार किंमत वाढवतो ती काम करणाऱ्याच्या वेतनाच्या गतीने. शाळेचे शुल्क शिक्षकाच्या पगाराच्या बरोबरीने वाढत असेल, तर ते समजण्यासारखे आहे. शुल्क दुप्पट झाले आणि शिक्षकाचा पगार जागच्या जागी राहिला, तर मधला पैसा कोठे गेला, असे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. तेथे अर्थशास्त्राचा आडोसा घेता येणार नाही.

सेवाक्षेत्रात उत्पादकता वाढतच नाही, असेही नाही. दूरध्वनी जोडून देणारी मंडळी गेली, आणि बँकेच्या रांगेतले काम आता खिशातल्या यंत्रावर होते. अमेरिकेत १९९५ नंतर अनेक सेवांची उत्पादकता झपाट्याने वाढल्याचे पाहून जॅक ट्रिपलेट आणि बॅरी बॉसवर्थ या अभ्यासकांनी २००३ साली हा आजार बरा झाल्याचेच प्रतिपादन केले होते. आपल्याच देशातले उदाहरण याहून बोलके आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची कामे प्रशिक्षित साहाय्यिकांकडे सोपवून शल्यविशारदाचा वेळ केवळ शस्त्रक्रियेसाठी राखायचा, ही तेथील पद्धत. १९९२ पासून संस्थेशी संलग्न 'ऑरोलॅब'मध्ये डोळ्यात बसवायचे भिंगही स्वस्तात तयार होऊ लागले. त्यामुळे असंख्य गरिबांना अल्प खर्चात किंवा विनामूल्य दृष्टी मिळाली. कामाची फोड करून ते वेगाने करता येते, तेथे ते केलेच पाहिजे; 'ही सेवा आहे, हिचा खर्च वाढणारच' असे म्हणणे ही केवळ सबब ठरेल.

पण यंत्राच्या हाती देता येणारा भाग दिल्यानंतरही एक गाभा उरतो. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत शाळा पडद्यावर गेल्या. एक शिक्षक एकाच वेळी हजार मुलांना शिकवू शकतो, हे तंत्रज्ञानाने सिद्ध केले. आणि त्याच वेळी घरोघरच्या आईबापांना कळून चुकले की, हजारांना ऐकवणे निराळे आणि मागच्या बाकावरच्या एका गोंधळलेल्या मुलाचा चेहरा वाचणे निराळे. त्या चेहऱ्यासाठी लागणारा वेळ कमी करता येत नाही. तो वेळ हेच शिक्षण आहे.

सेवेचे मोल कोण देणार?

बॉमोल यांनी १९६७ साली हा विचार नगरांच्या कारभाराला लावला. शाळा, रुग्णालये, पोलीस, स्वच्छता ही नगरपालिकांची सारी कामे माणसाच्या वेळेवर चालतात. त्यामुळे त्यांचा खर्च वाढत जाणार आणि नगरांची तिजोरी ताणली जाणार, असे त्यांनी बजावले. आठच वर्षांनी, १९७५ साली, न्यूयॉर्क महानगर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते. त्याची कारणे अनेक होती; पण इशारा पोकळ नव्हता, एवढे खरे. त्यांचे सहकारी बोवेन १९७२ ते १९८८ प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जे दुखणे त्यांनी नाट्यसंस्थांच्या वह्यांत पाहिले होते, तेच त्यांना स्वतःच्या विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात हाताळावे लागले.

या ताणातून सुटण्याची एक सोपी वाट सरकारांना नेहमी दिसते. काम तेच ठेवायचे, वेतन मात्र 'मानधन' म्हणून द्यायचे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाला महिना ३००० रुपये मिळत आणि अशी तीन वर्षे काढावी लागत. पण बाहेरच्या जगातले वेतन वाढत असताना हा आकडा रोखून धरता येणे शक्य नव्हते. तो आधी ६००० झाला आणि २०२३ साली १६,००० करावा लागला. बाजाराचा नियम शेवटी सरकारी आदेशालाही वाकवतो. मधल्या काळात मात्र किती हुशार तरुणांनी 'शिक्षकी नको' असे ठरवून दुसरी वाट धरली असेल, याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांचा प्रश्नही याच जातीचा आहे.

आपल्या भाषेत 'सेवा' हा फार थोर शब्द आहे. रुग्णाची शुश्रूषा, वृद्धांचा सांभाळ आणि विद्यादान यांना आपल्या परंपरेने व्यवहाराच्या वर स्थान दिले. ते योग्यच होते. पण त्या थोरवीचा उपयोग करणाऱ्याची झोळी रिकामी ठेवण्यासाठी होऊ लागला, तर ती परंपरेची विटंबना ठरेल. सेवेला वंदन करायचे आणि सेविकेशी घासाघीस करायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

हा आजार आता घराच्या उंबऱ्याच्या आतही आला आहे. आजारी सासूबाईंजवळ बसण्याचे काम पूर्वी घरातली सून करीत असे, आणि त्याची किंमत कोणी मोजत नसे. आज तीच सून कार्यालयात चांगले वेतन मिळवते. आता तिने घरी बसायचे ठरवले, तर घराला त्या वेतनावर पाणी सोडावे लागते; आणि बाहेरून माणूस आणायचे ठरवले, तर त्याचा पगार द्यावा लागतो. दोन्हीकडे किंमत आहेच. खरे तर ती पूर्वीही होती; फक्त ती एकटी सून मुकाट्याने देत होती. आज ती साऱ्या कुटुंबाला दिसू लागली, एवढाच फरक. ती कुटुंबाने मिळून उचलावी, मुलांनी आणि मुलींनी, पैशाने आणि वेळेने, हाच त्यावरचा मार्ग आहे.

बॉमोल २०१७ साली वयाच्या ९५व्या वर्षी गेले. २०१२ साली, नव्वदीत असताना, त्यांनी या विषयावरचे आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याचा सूर निराशेचा नव्हता. ज्या प्रगतीमुळे सेवा महाग वाटतात, तीच प्रगती त्या सेवांसाठी लागणारा पैसा समाजाच्या हाती देत असते, असे त्यांचे सांगणे होते. 'परवडत नाही' या भ्रमापोटी चांगल्या शाळा आणि रुग्णालये हातची घालवणे, हा त्यांना खरा धोका वाटत होता.

तेव्हा पुढच्या वेळी शिंप्याने शिलाई सांगितली आणि भुवया उंचावल्या, तर क्षणभर त्या विणकराच्या गावाकडे पाहावे. कापड स्वस्त झाले, संच स्वस्त झाला, प्रवास स्वस्त झाला. त्यातून उरलेले चार पैसे कोठे जाणार, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाला आणि साऱ्या समाजाला करायचा आहे. ते आणखी एका स्वस्त वस्तूत जातील, की मुलाच्या शिक्षिकेला, आजीच्या परिचारिकेला आणि गाणे शिकवणाऱ्या बुवांना मानाने जगता येईल एवढे मोल देण्यात? कापड यंत्र विणेल. माणूस मात्र माणसालाच घडवावा लागतो, आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागतोच.